शाळेच्या अभिरूप विधानसभेत समलिंगींविषयीचं विधेयक: घ्यावं की टाळावं?

डिचोलीची_टीचर

नमस्कार. डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी सामाजिक शास्त्र शिकवते. दर श्रावणात दहावीची अभिरूप विधानसभा भरवतो. पर्वरीच्या गोवा विधानसभेसारखे ४० आमदार हवेत, वर्गात मुलं ३१, म्हणून नऊ आमदार नववीतून उसने. (पहिल्याच तालमीत दोघांनी पक्ष बदलला. गोव्याची पोरं, शिकवावं लागत नाही.)

यंदा विधेयक मुलांनीच निवडलं. एकीचा मामेभाऊ कॅलिफोर्नियात शिकतो. त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात समलिंगी माणसांबद्दल आहे, तिथे तसा कायदाच आहे म्हणे. तसंच विधेयक गोव्यासाठी मांडायचं असं ठरलं आणि स्टाफरूम पेटली. "आता लैंगिक शिक्षण पोरांच्या तोंडून वदवणार का?" हेडमास्तर एवढंच म्हणाले, "पालक आले तर तुम्ही बोला."

त्या कायद्यात नेमकं आहे काय? आणि विरोधी बाकांना खरे मुद्दे कोणते देऊ? नुसतं 'आपली संस्कृती' नको, ते त्यांना माझ्याशिवायही येतं.

मला हे का टाळवत नाही तेही सांगते. फार वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा होता. काल्याच्या नाटकात स्त्रीपार्टी करायचा. रात्री अख्खा गाव त्याला बक्षिसं लावायचा आणि सोमवारी तीच पोरं 'बायलो' म्हणून चिडवायची. मी ऐकून न ऐकल्यासारखी फळ्याकडे वळायचे. नववीत त्याने शाळा सोडली.

सॅन_होजेची_आई

टीचर, माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत. तुम्ही म्हणता तो कायदा म्हणजे सिनेट विधेयक ४८. मार्क लेनो यांनी मांडलं, जुलै २०११मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली, १ जानेवारी २०१२पासून लागू. लैंगिक शिक्षणाशी त्याचा संबंध नाही, त्याचा कायदा निराळा आहे. हा इतिहास आणि समाजशास्त्रापुरता. स्त्रिया, मूलनिवासी वगैरेंच्या 'भूमिका आणि योगदाना'ची यादी आधीपासून होती, तीत समलिंगी, द्विलिंगी, ट्रान्सजेंडर आणि अपंग व्यक्ती घातल्या. २००६मध्ये शाळेच्या साहित्यात या लोकांची हेटाळणी नको एवढंच म्हणणारं विधेयक आलं होतं, त्यावर तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगरनी नकाराधिकार वापरला.

कायदा झाला म्हणून पुस्तकं लगेच बदलली नाहीत. अभ्यासक्रमाचा आराखडा २०१६ला, पुस्तकांना मंजुरी २०१७ला. चौथीच्या आराखड्यात चार्ली पार्कहर्स्ट आहे: घोडागाडी हाकणारा, जन्माने स्त्री, जन्मभर पुरुष म्हणून जगलेला.

विरोधकांना हे द्या: लैंगिक शिक्षणाच्या तासाला पालक मुलाला बाहेर ठेवू शकतात, इतिहासाच्या तासाला तशी सोय या कायद्याने दिली नाही. तिथला खरा राग यावर होता. कायदा रद्द करावा का यावर जनमत घ्यायला पाच लाखांवर सह्या हव्या होत्या, त्या जमल्या नाहीत.

मडगावकर_६२

मी विरोधी बाकावरचा, तेव्हा माझं घ्या. पुस्तकात काय असावं हे आमदार का ठरवणार? आज हे घालतील, उद्या सरकार बदललं की दुसरं. फ्लोरिडाने २०२२मध्ये बालवाडी ते तिसरीपर्यंत हा विषय शिकवायलाच बंदी घातली, ती विधिमंडळानेच. हत्यार तेच, हात वेगळा. शाळा मराठी-कोंकणीत की इंग्रजीत, या माध्यमाच्या वादात गोव्याने २०११ साली काय पाहिलं ते विसरलात?

शिवाय मेलेल्या माणसाला आजचं लेबल कोण लावणार?

फोंड्याचा_वकील

काकांचा शेवटचा मुद्दा बिनतोड. पण कायद्याचा इतिहास शिकवायला कुणाला लेबल लावावं लागत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं ३७७ कलम १८६०चं, गोव्यात ते मुक्तीनंतर आलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवताच ना? तिथे अर्ध्या पानात बसतं.

दिल्लीचा अनुभव मात्र ध्यानात ठेवा. ट्रान्सजेंडर मुलांबाबत शिक्षकांसाठी केलेली एनसीईआरटीची (शालेय पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था) पुस्तिका २०२१मध्ये संकेतस्थळावर आली आणि तक्रारी होताच काही दिवसांत उतरवली.

ब्रिटनमध्ये १९८८च्या कलम २८ने स्थानिक संस्थांना 'समलैंगिकतेचा प्रसार' करायला मनाई केली. २००३मध्ये इंग्लंड-वेल्समधून ते गेलं. त्याखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही, तरी शिक्षक गप्प बसले. तुमच्यासारखेच, फळ्याकडे बघत.

आणि स्त्रीपार्टी म्हणजे समलिंगी, ही गल्लत नको.

डिचोलीची_टीचर

वकीलसाहेब, लागलं. पण बरोबर आहे, दोन्ही. त्या मुलाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. चिडवणाऱ्यांनाही नव्हतं.

सगळ्यांचे मुद्दे वर्गात वाचून दाखवले. मडगावकर काकांचं 'हत्यार तेच' विरोधी पक्षनेत्याने वहीत उतरवून घेतलं. मग विधेयक मांडणारीच उठली: "टीचर, 'योगदान' कशाला? ज्याने काही मोठं केलं नाही, नुसता वर्गात बसतो, तो पुस्तकात येणारच नाही?" मला उत्तर सुचलं नाही. आता तिने स्वतःच्याच विधेयकाला दुरुस्ती सुचवलीय: 'योगदान'च्या जागी 'जीवन'. विरोधकांची दुरुस्ती: पालकसभेत वाचल्याशिवाय एकही पान छापू नये. सभापती (नववीतला, आवाज अजून फुटतोय) दोन्ही दाखल करून घेऊन बसलाय.

मतदान शुक्रवारी. पक्ष बदललेल्या दोघांपैकी एक परत आलाय.