कोंबडीखताच्या राखेतून आम्लाने स्फुरद (फॉस्फरस) काढणे परवडेल का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
आमच्या लेअर (अंड्याच्या कोंबड्यांच्या) शेडमधील वाळलेले खत गुऱ्हाळाच्या चुलवणात जाळले जाते आणि राख आम्हाला परत मिळते. ती हरभऱ्याला टाकून पाहिली, परंतु जमीन चुनखडीची असल्याने फरक दिसला नाही. सल्फ्युरिक आम्लाने राखेतील स्फुरद विरघळवून घेता येईल काय?

उत्तर १
विरघळेल, यात शंका नाही. राखेतील स्फुरद मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असते आणि द्रावणाचा सामू (pH) 2 च्या खाली नेल्यास त्याचा बहुतांश भाग द्रावणात उतरतो, तर कॅल्शियम जिप्सम होऊन तळाशी बसते. खडक फॉस्फेटपासून सुपर फॉस्फेट बनवण्याचे, 1842 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झालेले तंत्रही याच अभिक्रियेवर उभे आहे. अडचण खर्चाची आहे. एक किलो स्फुरदासाठी (P₂O₅) हिशेबाने सुमारे 2 किलो शुद्ध आम्ल लागते, पण अंड्याच्या कोंबड्यांना खाद्यातून भरपूर चुना दिला जातो, तो राखेत उतरतो आणि एक किलो कळीचा चुना सुमारे पावणेदोन किलो आम्ल आधीच गिळून बसतो. चिमूटभर राखेवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून पाहा. जोरात फसफसली, तर कार्बोनेट भरपूर आहे आणि आम्ल जास्त लागेल असे समजावे. राख आधी साध्या पाण्याने धुतल्यास पालाश (पोटॅश) त्या पाण्यात निघून येते, स्फुरद मात्र मागे राहते.

उत्तर २
खाद्यातील जस्त आणि तांबेही आम्लात उतरतात, म्हणून द्रावण प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिकाला देऊ नये. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, आणि लोखंडी पिंप टाळावे.

प्रश्नकर्ता
गाळलेले द्रावण ठिबकमधून सोडले तर चालेल का?

उत्तर १
आपल्याकडील जड पाण्यात मिसळताच सामू वाढून कॅल्शियम फॉस्फेटचा साका होईल आणि ड्रिपर बुजतील. त्यापेक्षा द्रावणात चुन्याची निवळी हळूहळू घालून सामू 5 च्या आसपास आणल्यास डायकॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका मिळतो. तो वाळवून पेरणीच्या ओळीत देता येतो.

उत्तर ३
माझ्या मते जाळण्याचीच गरज नाही. जाळताना नत्र धुरासोबत जाते. तेच खत कुजवून दिले, तर नत्र बरेचसे वाचते आणि सेंद्रिय आम्लांमुळे चुनखडीच्या जमिनीतही स्फुरद काही प्रमाणात मोकळे राहते. गुऱ्हाळाला इंधन म्हणून उसाचे चिपाड आहेच.