मदत हवी आहे : आयरान रात्रभर ठेवलं की निवळ वेगळी होते

तुर्की आयरान (दही, पाणी, मीठ घुसळून केलेलं पेय) आदल्या रात्री करून काचेच्या बाटल्यांत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. सकाळी वर दोन बोटं हिरवट निवळ आणि तळाशी पांढरा साका. हलवलं की एकजीव होतं, पण चव पहिल्यासारखी गुळगुळीत राहत नाही, जिभेला बारीक रवाळ लागतं.

प्रमाण : दही ५०० ग्रॅम, थंड पाणी ३०० मिली, मीठ ५ ग्रॅम. दही साय न काढलेल्या गाईच्या दुधाचं. दूध ८५ अंशांवर २० मिनिटं ठेवून, ४३ अंशांवर आणून विरजते. लागलं की लगेच थंड.

पाणी कमी केलं तर निवळ कमी सुटते, पण पेय जड होतं. ब्लेंडर जास्त फिरवला तर फेस मस्त येतो, निवळ तेवढीच. मीठ आयत्या वेळी घालूनही फरक नाही.

पेक्टिन (फळांतून काढलेला, दाटपणा आणणारा पदार्थ), कॉर्नफ्लोअर नको; दूध पावडर चालेल.

केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास सर्वांत जास्त गोळा होतं. मग दही तिथेच थांबवावं की ४.३ पर्यंत आंबू द्यावं? आणि पाणी एवढंच ठेवायचं तर लिटरभर दुधात पावडर किती ग्रॅम घालावी?