मदत हवी आहे: कात्री आणि इंग्रजी शिअर (shear, म्हणजे कातरणे) एकाच घरातले का?

इथे सोलापुरात युनिफॉर्म शिवायला शिकणाऱ्या मुलींच्या क्लासमध्ये लावायला एक तक्ता करतोय, कापण्याशी संबंधित इंग्रजी शब्द कुठून आले त्याचा. डिक्शनऱ्या बघून झाल्यात. टेलर म्हणजे मुळात कापणारा, शिवणारा नाही (आमचे कटिंग मास्तर जाम खूश!). सिझर्सच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा एस मागाहून घुसलाय, दुसऱ्या एका लॅटिन शब्दाशी गल्लत होऊन. शिअर, शॉर्ट, शर्ट, स्कर्ट ही सख्खी भावंडं, त्यात स्कर्ट नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी) भाषेतून आला म्हणून त्याचा स्क तसाच राहिला, बाकीच्यांचा श झाला. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते आपल्या कात्रीपाशी. ती संस्कृत कर्तरीवरून, धातू कृत् (कापणे), आणि शिअरचं मूळही त्याच घराण्यातलं म्हणतात. पण त्या मुळात सुरुवातीला स आहे, कृत् मध्ये तो नाहीच. इंग्रजी कट आणि काटना यांचं नातं सांगू नका प्लीज, कटचं मूळ पक्कं ठाऊक नाही आणि तो शब्द इंग्रजीत साधारण १३०० पासूनच दिसतो. मुली दहावी झालेल्या आहेत, त्यामुळे व्याकरणाची जड नावं नकोत, दोन ओळीत बसेल असं पाहिजे. तर तो स संस्कृतात गळाला का तिकडे चिकटला, आणि असं झालेली अजून एखादी सोपी जोडी आहे का?