व्हॉल्व्ह, क्लास एबी की क्लास डी: फरक कानात की स्पीकरमध्ये?

खर्ज: व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) अँपवर तबला लावा, डग्ग्याचा घुमारा खोलीभर पसरतो. तेच टीपीए३२५५ चिपच्या क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या, स्विचिंग) बोर्डावर स्वच्छ पण कोरडं वाजतं. कागदावर डी सरस असेल, पण संगीत कागदावर ऐकायचं नसतं. व्हॉल्व्हचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची भर) कानाला गोड लागतो, एवढं साधं आहे.

ओहममापक: घुमारा खरा, कारण चुकलं. फीडबॅक (आउटपुट परत घेऊन केलेली दुरुस्ती) नसलेल्या सिंगल एंडेड (व्हॉल्व्ह पूर्ण लहर एकटाच हाताळतो अशा) अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला अडथळा, सहज २ ओहम असतो. ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही ठिकाणी ४ ओहमपर्यंत उतरतो आणि बासच्या रेझोनन्सला (स्पीकरच्या नैसर्गिक कंपनाच्या फ्रिक्वेन्सीला) २० वर चढतो. आता गणित, स्पीकरच्या वाट्याला किती व्होल्टेज येतं त्याचं: ४ ओहमवर ४/६, म्हणजे −३.५ डेसिबल, २० ओहमवर २०/२२, म्हणजे −०.८. बासला पावणेतीन डेसिबलचा उठाव आयताच मिळाला! नेहमीच्या (क्लास एबी) ट्रान्झिस्टर अँपच्या ०.०५ ओहमला हाच फरक ०.१ सुद्धा भरत नाही. खात्री करायची तर ट्रान्झिस्टर अँपच्या लाल टर्मिनलला २ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. निम्मा गोडवा तिथेच येतो.

खर्ज: आणि उरलेला निम्मा?

ओहममापक: ३००बी या व्हॉल्व्हचा ८ वॉटचा अँप, १ वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर: तिथेच कमाल ९५ डेसिबल. तबल्याची थाप याच्या वर जाते, मग व्हॉल्व्ह तिचं टोक हळूच गोल करतो. ट्रान्झिस्टर तिथे करकरला असता. पण हा आवाजाचा गुण नव्हे, ताकद संपल्याची खूण आहे.

जुनी_तबकडी: १९८५ साली अँप बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने ‘स्टिरिओफाइल’ या ऑडिओ मासिकाच्या संपादकांसमोर आपला ट्रान्झिस्टर अँप एका महागड्या व्हॉल्व्ह अँपशी जुळवून दाखवला. संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. वाद तेव्हाच मिटायला हवा होता.

खर्ज: जुळवावा लागला, म्हणजे आधी फरक होताच की! तुम्ही माझीच बाजू मांडताय.

सोल्डरबहाद्दर: भांडा, पण आधी लेव्हल जुळवा. अर्धा डेसिबल जास्त असलेला अँप ‘मोठा’ नाही, ‘चांगला’ वाटतो. स्पीकर जोडलेला ठेवून ४०० हर्ट्झचा टोन लावा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. एकावर २.०० आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत हवेत. क्लास डीवर मीटर कॅरिअरमुळे (आउटपुटात उरलेल्या स्विचिंगच्या उच्च फ्रिक्वेन्सीमुळे) फसू शकतो. प्रोबआधी १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर घाला.

एकाच स्पीकरवर दोन अँप आलटूनपालटून ऐकायला स्विचबॉक्स घेताना जपून. ब्रिज केलेल्या (दोन्ही टर्मिनलांवर सिग्नल असलेल्या) क्लास डीचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. कॉमन ग्राउंडच्या बॉक्सवर जोडलंत तर बोर्ड जळू शकतो, म्हणून दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विचच हवा. व्हॉल्व्ह अँप मात्र लोडशिवाय (स्पीकर वगैरे न जोडता) क्षणभरही चालू ठेवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्पीकर दुसरीकडे वळला की व्हॉल्व्ह अँपला ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) मिळालाच पाहिजे.

ओहममापक: कोरडेपणाचंही कारण बघा. स्वस्त क्लास डी बोर्डांवर फीडबॅक एलसी फिल्टरच्या (स्विचिंग गाळणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या) आधीच घेतलेला असतो. फिल्टर ४ ओहमसाठी बेतलेला आणि स्पीकर ८ चा असेल तर वरच्या टोकाला उठाव येतो, झांज टोचते. फिल्टरनंतर फीडबॅक घेतलेल्या बोर्डावर हे जवळपास जातं. तुमचा स्पीकर किती ओहमचा?

खर्ज: ८. रेझिस्टर लावून बघतो. व्हॉल्व्ह विकणार नाही, हे आधीच सांगतो.