विम्याविना बुडालेली बोट : अनुभव धागा

बोट बुडाली असे कळल्यावर लोक प्रामुख्याने दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'आत कोणी होते का?' आणि त्याला 'नाही' असे उत्तर मिळाले की लगेच दुसरा, 'विमा होता ना?' माझ्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. पहिल्या 'नाही'ने चेहऱ्यावर आलेला दिलासा दुसऱ्या 'नाही'ने कसा पुसला जातो, हे मी त्या आठवड्यात बरेचदा पाहिले.

माझी बोट वादळात बुडाली नाही. ती धक्क्याला बांधलेली असताना, रात्रभर पडलेल्या पावसाने बुडाली. कॉकपिटमधले, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतले, पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्या, पाणी आत उतरू लागले, आणि तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप बॅटरी संपेपर्यंत चालून थांबला. बोट वजनाने खाली बसली तेव्हा एरवी पाण्याच्या वर असणारे एक छिद्र पाण्याखाली गेले आणि तेथून पुढे पावसाची गरजच उरली नाही. विमा का नव्हता, याचे उत्तरही असेच साधे आहे. बोट जुनी असल्यामुळे विमा कंपनीला तज्ज्ञाच्या पाहणीचा अहवाल हवा होता, पाहणीच्या आधी काही दुरुस्त्या करणे भाग होते, आणि त्या मी पुढच्या हंगामावर ढकलल्या. असे सलग तीन हंगाम गेले.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. पहिल्या काही दिवसांत काय केले, बोट वर काढली की सोडून दिली, पैसे कसे उभे केले आणि घरी काय सांगितले, हे वाचण्याची मला गरज आहे. मात्र विमा काढायला हवा होता, असे कृपया कोणी लिहू नये. ते आम्हा सर्वांना आता पुरेसे कळले आहे.

हवेच्या पिशव्यांनी वर काढलेली बोट

माझी लाकडी शिडाची बोट सुमारे चार मीटर खोल पाण्यात तळाला टेकली होती. विमा असता तर कंपनीचा माणूस येऊन 'काढा' किंवा 'सोडा' असे सांगून गेला असता. तो नसल्यामुळे हा निर्णय मलाच घ्यायचा होता आणि तोही लवकर, कारण पाण्याखालचा प्रत्येक दिवस बोटीची किंमत कमी करतो आणि खर्च वाढवतो. मी एका कागदावर दोन आकडे लिहिले : वर काढून दुरुस्त केल्यावर ही बोट बाजारात कितीला जाईल, आणि वर काढून फक्त मोडीत काढायला किती लागतील. तिसरा आकडा, म्हणजे माझा जीव तिच्यात किती अडकला आहे, तो मी मुद्दाम लिहिला नाही, कारण तो लिहिला असता तर पहिल्या दोहोंकडे मी पाहिलेच नसते.

पाणबुड्यांनी सर्वप्रथम बोटीची छिद्रे बुजवली, जड सुटे सामान बाहेर काढले आणि मग हवेच्या पिशव्या बांधल्या. हिशेब सोपा आहे : एक घनमीटर हवा समुद्राच्या पाण्यात साधारण १,०२५ किलो वजन उचलते, आणि पाण्याखाली लाकूड स्वतःच आपला बराच भार हलका करते, त्यामुळे उचलायचे असते ते मुख्यतः इंजिन आणि भरताडाचे, म्हणजे तोल राखण्यासाठी तळाशी घातलेले, शिसे. अवघड आहे ते वेगळेच. पिशवी वर येऊ लागली की भोवतालचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते; दहा मीटर खोलीवर भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. ती बाहेर जाण्याची सोय नसेल तर बोट हळूहळू न येता उसळी मारून येते, कलंडते आणि पुन्हा तळाला जाते. आमच्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले, आणि त्या प्रयत्नाचे पैसे मात्र द्यावेच लागले.

दुसऱ्या वेळी बोटीचा काठ पाण्यावर आला. त्या क्षणी काम संपले असे वाटते, पण खरा धोका तेथेच असतो, कारण आत भरलेले टनावारी पाणी मोकळे असते आणि बोट जराशी झुकली की सगळे पाणी त्याच बाजूला धावून तिला उलथवते. म्हणून मोठे पंप लावून पाणी वेगाने उपसले आणि तोवर पिशव्या दोन्ही बाजूंना तशाच बांधून ठेवल्या. संध्याकाळी ती स्वतःच्या बळावर तरंगत होती. आत सर्वत्र चिखल आणि डिझेलचा वास होता.

इंजिनाविषयी, एका मेकॅनिकच्या नात्याने

माझीही बोट गेली आहे, पण येथे मी कामाचेच लिहितो, कारण वरच्या लेखकांनी इंजिनाचे पुढे काय झाले ते सांगितलेले नाही. पाण्यात असेपर्यंत इंजिनाची झीज मंद असते, हवा लागल्यावर गंज काही तासांत पकड घेतो. म्हणून इंजिन वर काढण्याआधीच त्यावर काम करणारा माणूस, गोडे पाणी आणि तेल काठावर तयार असले पाहिजे. काम लगेच होणार नसेल, तर सुटे इंजिन गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवणे हे काठावर वाळत ठेवण्यापेक्षा बरे.

'चालते का बघू' म्हणून स्टार्टर मारण्याचा मोह सर्वांनाच होतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणजे जे इंजिन वाचले असते ते आपणच मारतो. आधी इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढावेत, पाणी बाहेर पडू द्यावे, गोड्या पाण्याने धुवावे, तेल भरून हाताने फिरवावे, आणि तेल दुधाळ दिसणे थांबेपर्यंत ते पुनःपुन्हा बदलावे. वायरिंग वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. खारे पाणी तारेच्या वेष्टनाआत शिरते, आणि वरून नवी दिसणारी तार काही महिन्यांनी आतून काळी पडते. मी स्वतःच्या बोटीत जुनी तार ठेवली होती. तिनेच पुढच्या वर्षी मला पंपाविना अंधारात उभे केले.

खोल पाण्यात गेलेली बोट, आणि उरलेले हप्ते

माझ्या बाबतीत वर काढण्याचा प्रश्नच आला नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणारी रबरी नळी तिच्या जोडावरून निसटली. पाण्याच्या पातळीखाली साठ सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचे एक छिद्र असले, तर त्यातून मिनिटाला साधारण २४० लिटर पाणी आत येते. माझा पंप तासाला जेमतेम दोन हजार लिटर फेकणारा होता. हे गणित मी नंतर केले. त्या वेळी एवढेच दिसत होते की जमिनीची फळी तरंगते आहे. नळीच्या मुळाशी असलेला व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला होता आणि तो बंद झाला नाही. आम्ही तिघे तराफ्यात उतरलो, दुसऱ्या बोटीने आम्हाला घेतले. नळी आवळून धरणाऱ्या एका पट्टीवर सगळे अवलंबून होते, हे आजही मला हास्यास्पद वाटते, आणि हसू मात्र येत नाही.

बोट कर्जावर घेतलेली होती. कर्ज देणाऱ्याने सुरुवातीला विमा मागितला होता आणि पहिल्या वर्षी तो होताही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पैशांची ओढाताण होती, आणि कोणी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही. बोट बुडाल्यानंतरच्या महिन्यात हप्त्याची तारीख नेहमीप्रमाणे आली. नसलेल्या वस्तूचा हप्ता भरताना मनाला जे वाटते त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. मी दोन महिने लपवले आणि तिसऱ्या महिन्यात स्वतः जाऊन विमा नव्हता हेही सांगितले. ओरडा खाल्ला. मग मुदत वाढली, हप्ता निम्म्यावर आला. मी आधी गेलो असतो तर दोन महिन्यांचा दंड वाचला असता, एवढेच या अनुभवातून मी खात्रीने सांगू शकतो.

बंदराच्या कचेरीत नोकरी केलेल्या एकाकडून

बोट बुडाली म्हणजे मालकी संपली, असे समजून लोक घरी जातात, आणि मग आमच्या नोटिशीने हादरतात. बुडालेली बोट बहुतेक ठिकाणी मालकाचीच राहते आणि ती वाटेत येत असेल किंवा तिच्यातून तेल गळत असेल, तर ती हलवण्याची जबाबदारीही त्याचीच असते. त्याने ती पार पाडली नाही, तर प्रशासन ती काढते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. बुडालेल्या जहाजांचे अवशेष हटवण्याविषयी २००७ चा आंतरराष्ट्रीय नैरोबी करार आहे. तो २०१५ पासून लागू झाला आणि त्याने ३०० ग्रॉस टन (जहाजाच्या आतील एकूण जागेवरून ठरणारे माप) व त्यावरील जहाजांना अवशेष हटवण्याच्या खर्चाचा विमा सक्तीचा केला. लहान बोटी विम्याच्या या मर्यादेखाली येतात, म्हणून त्यांना बहुतेक करून नियम लागतो तो त्या त्या ठिकाणचा.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की बुडाल्याची वर्दी मालकाने स्वतः आणि त्याच दिवशी लेखी द्यावी, इंधन किती होते ते खरे सांगावे, आणि जागेवर बोया, म्हणजे तरंगती खूण, लावावा. ज्यांनी हे केले त्यांना मुदत देताना आमचा हात सैल असे, हे मी आता निवृत्तीनंतर मोकळेपणाने सांगतो. आणखी एक गोष्ट : बोट बुडत असताना कोणी दोर फेकला, तर शक्य झाल्यास तो घेण्याआधी ठरवावे की हे ठरलेल्या पैशांत ओढून नेणे आहे की बचावाचे काम. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बचाव कराराचे सूत्र असे आहे की काही वाचले तरच मोबदला मिळतो, आणि तो वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. पण त्या किमतीचा मोठा हिस्साही विमा नसलेल्या माणसाच्या खिशाला जड जातो. माणसे धोक्यात असतील तर अर्थातच दोर आधी घ्यावा.

सोडून दिलेली बोट

मी वर काढली नाही, म्हणजे दुरुस्तीसाठी काढली नाही. फायबरची बोट होती, आणि फायबरला भंगारात कोणी विचारत नाही. इंजिन व डोलकाठी विकून जे आले ते ती कापून विल्हेवाट लावण्यात गेले. वरचे काही पैसे मला घालावे लागले. कापताना मी तेथे थांबलो नाही.

एका मुलीचे टिपण

बोट वडिलांची होती आणि त्यावर घर चालत होते. ती गेल्यावर त्यांनी कोणाशी भांडण केले नाही, रडलेही नाहीत. ते फक्त हिशेब करू लागले. वह्यांची पाने भरली. आई म्हणाली, करू दे. मला वाटते की त्यांना आकड्यांमध्ये अशी एखादी जागा शोधायची होती जेथे विम्याचा हप्ता भरणे खरोखरच शक्य नव्हते, आणि म्हणून आपली चूक नव्हती. ती जागा सापडली नाही, कारण एका वर्षी त्यांनी जाळी नवी घेतली होती आणि हप्ता त्यापेक्षा कमी होता. मी ती वही पाहिली तेव्हा मी त्यांना म्हणाले की जाळी नसती तर त्या वर्षी मासळी नसती आणि मासळी नसती तर हप्ताही नसता. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्यानंतर वही बंद झाली असे नाही, पण ते जेवायला वेळेवर येऊ लागले.

दोन वर्षे ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. स्वतःच्या बोटीवर हुकूम देणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा हुकूम घेणे किती कठीण जाते, हे येथील काहींना सांगायला नको.

स्लोकम यांच्याविषयी थोडेसे

येथे सगळेच खचलेले दिसतात म्हणून एकोणिसाव्या शतकातले जहाजाचे कप्तान जोशुआ स्लोकम यांची आठवण देतो. १८८७ च्या अखेरीस त्यांचे 'अक्विडनेक' हे जहाज ब्राझीलच्या पारानाग्वा आखातात वाळूला लागून मोडले. त्याचा विमा नव्हता, आणि त्यांची बहुतेक पुंजी त्यातच होती. बायको व दोन मुले बरोबर असताना त्यांनी मोडक्या जहाजातून वाचलेल्या वस्तू आणि तेथले लाकूड वापरून सुमारे ३५ फुटांची बोट बांधली. ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली त्याच दिवशी, पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव 'लिबर्दादे', अर्थात स्वातंत्र्य. तीतून ते कुटुंब अमेरिकेला घरी पोहोचले. मी ही गोष्ट स्फूर्तीसाठी सांगत नाही, कारण आपल्यापैकी कोणी स्लोकम नाही. मला त्यात आवडते ते एवढेच की त्यांनी मोडके जहाज दुरुस्त करण्याचा हट्ट धरला नाही, त्यातून जे उपयोगाचे होते ते तेवढे घेतले.

धागा सुरू करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. दोन आकड्यांचा कागद मीही केला, आणि बोट वर काढली. इंजिन वाचले, वायरिंग पूर्ण बदलले, कॉकपिटच्या नळ्या दुप्पट रुंद केल्या आणि पंपाला दुसरी बॅटरी जोडली. पाहणी झाली, अहवाल आला, त्यात माझ्या बोटीविषयी माझ्यापेक्षा जास्त चांगले लिहिलेले आहे. मग विम्याचा अर्ज भरायला बसलो. त्यात एक प्रश्न होता, बोट पूर्वी कधी बुडाली आहे काय. मी 'होय' लिहिले, कारण सांगितले, आणि अर्ज पाठवला. त्याला आज सतरा दिवस झाले आहेत. उत्तर अजून आलेले नाही, आणि तोवर बोट जमिनीवर, ठोकळ्यांवर उभी आहे.