विल्यम हेन्री लुइस दोन कॉलेजांकडून कसा खेळला?

मैदानवेडा: अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचतोय. १८९२ आणि १८९३ च्या ऑल-अमेरिका संघांत (म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत) हार्वर्डचा सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमध उभं राहून चेंडू मागे देणारा खेळाडू, म्हणून विल्यम हेन्री लुइसचं नाव आहे. पण १८९१ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा कर्णधारही लुइसच. पदवी झाल्यावर दुसऱ्या संघाकडून खेळता यायचं, की हे दोघे वेगळे?

कायदेवाली: एकच माणूस. पात्रतेचे देशभर लागू असणारे नियम तेव्हा नव्हतेच. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनसीएए, तिची मूळ संस्थाच १९०६ ची. १८९२ मध्ये अ‍ॅमहर्स्टची पदवी घेऊन तो हार्वर्डला कायदा शिकायला गेला, आणि लॉच्या मुलांनाही विद्यापीठाच्या संघात जागा मिळायची.

तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. मी वकिली करते, आणि हा माणूस मला फार जवळचा वाटतो. जन्म १८६८, व्हर्जिनिया. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. ऑल-अमेरिकामध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १८९३ च्या शेवटच्या सामन्यात हार्वर्डचा कर्णधार जखमी होता, तेव्हा सहकाऱ्यांनी मत देऊन लुइसला कर्णधार केलं. आणि त्याच साली हार्वर्ड जिथे आहे त्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एका न्हाव्याने त्याचे केस कापायला नकार दिला! लुइसने ते गिळलं नाही. त्या राज्याच्या भेदभावविरोधी कायद्याची व्याप्ती वाढावी म्हणून तो झटला, आणि कायदा बदलला. मला त्याच्या खेळापेक्षाही हे मोठं वाटतं.

आखाडा: ताई, तो जेमतेम १७५ पौंडांचा होता असं वाचलंय, म्हणजे ८० किलोच्या आत. सेंटरला एवढा हलका गडी कसा चालायचा?

कायदेवाली: चालला, आणि तोही त्या काळात, हे विशेष. फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू पुढे फेकायला, १९०६ पर्यंत परवानगी नव्हती. तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, चेंडू पाच यार्ड पुढे न्यायचा, त्यामुळे सगळी रेटारेटी मधोमध. १८९२ मध्ये स्प्रिंगफील्डला येलविरुद्ध हार्वर्डने ‘फ्लाइंग वेज’ पहिल्यांदा काढली: खेळाडू दोन बाजूंनी धावत येऊन पाचरीसारखे घुसायचे. हार्वर्ड तरीही ६-० ने हरलं, आणि ती चाल १८९४ मध्ये नियमानेच बंद झाली. अशा खेळात लुइस टिकला तो चपळाई आणि डोक्यावर. १८९६ मध्ये त्याने फुटबॉल कसा खेळावा यावर पुस्तक लिहिलं, आणि १९०६ पर्यंत हार्वर्डच्या संघाला शिकवलं.

मैदानवेडा: धन्यवाद ताई. मग वकिलीचं काय झालं?

कायदेवाली: जोरात चालली. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या काळात बॉस्टनला सहायक सरकारी वकील. १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्टने त्याला अमेरिकेचा सहायक अ‍ॅटर्नी जनरल नेमलं. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला सभासद करून घेतलं आणि १९१२ मध्ये वर्णावरून काढायला निघाले. त्याने राजीनामा द्यायला साफ नकार दिला.

आखाडा: हॉल ऑफ फेममध्ये आहे ना?

कायदेवाली: कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये २००९ ला घेतलं. तो १९४९ मध्येच गेला होता. एवढा उशीर का, याचा मला अजूनही राग येतो.