डिजिटल वहीतली चित्रं गायब: चूक बाईंची की वहीची?

खडूफळा
आठवीला विज्ञान शिकवते. शाळेने यंदा डिजिटल वही सक्तीची केली. मी पान तयार करून बटण दाबलं की प्रत्येक मुलाच्या वहीत त्याची वेगळी प्रत जाते. परवा हृदयाचा उभा छेद पाठवला. माझ्या लॅपटॉपवर चित्र ठणठणीत. 42 पैकी 30 मुलांकडे मात्र रिकामी चौकट आणि खाली माझी सूचना, 'वरील आकृतीला नावे द्या'. एकाने चौकटीलाच नाव दिलं: पोकळी.
माझं मत असं झालंय की आकृत्या कागदी वहीतच हव्यात, डिजिटल वही मजकुरापुरती ठेवावी. पटतंय का?

तारजोड
नाही पटत. चित्र आणलं कुठून ते आधी सांगा. ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट केलं असेल तर पुष्कळदा चित्र येतच नाही, फक्त त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, चिकटतो. तो पत्ता तुमच्या लॉगिनला दार उघडतो, मुलांना नाही. चित्रावर राइट-क्लिक करून त्याचा पत्ता कॉपी करा आणि ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा, तिथे तुमचं लॉगिन चालू नसतं. तिथे लॉगिन मागितलं, तर चित्र वहीत नाहीच असं समजा.
दुसरं कारण घाई. मजकूर काही केबींचा, तो लगेच चढतो. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा, तो मागे राहतो. त्याआधीच पान वाटलंत तर रिकाम्या चौकटीच्या 42 प्रती निघतात, आणि मग तुमच्या पानावर चित्र आलं तरी त्या सुधारत नाहीत. पुन्हा वाटाव्या लागतात.

पाटीपेन्सिल
म्हणजे बाईंनी आता हृदयही शिकवायचं आणि पत्तेही तपासायचे! चित्र चढलं नसेल तर 'थांबा' म्हणायचं काम त्या अ‍ॅपचं आहे. फळ्यावर काढलेलं हृदय 42 जणांना दिसतं, शेवटच्या बाकावरच्यालाही. शिवाय बोर्डाच्या पेपरात आकृती पेन्सिलीनेच काढायची आहे ना? हात वळायला नको?
अवांतर: 2023-24 ला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला. वहीवर प्रयोग करायची आपल्याकडे हौसच दांडगी.

तारजोड
अ‍ॅपने इशारा द्यायला हवा, हे शंभर टक्के मान्य. पण तो देत नाही म्हणून आकृतीच टाकायची नाही, हे काही पटत नाही. फाइल आधी उतरवून घ्या, मग ती वहीत घाला. अर्ध्या मिनिटाचं काम.

दोन_मुलांची_आई
अर्धं मिनिट तुमच्याकडे, ब्रॉडबँडवर! आमच्या घरी फोन एकच, तो यांच्याबरोबर रात्री आठला घरी येतो. बॅटरी सेव्हर चालू असतो, त्यामुळे स्क्रीन बंद झाली की चढवणं-उतरवणं थांबतं. लेकीने आकृती काढून फोटो टाकला, आणि बाईंच्या वहीत 'गृहपाठ अपूर्ण'. आता तो फोटो मी आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, लहान होतो, मग वहीत घालते. मी खडूफळाताईंच्या बाजूने.

सायंशाळा
आयफोनवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. 2017 पासून त्यांचे फोटो मुळात एचईआयसी प्रकारात साठतात, काही अँड्रॉइड फोनमध्येही तो पर्याय असतो. शाळेच्या जुन्या संगणकावर असा फोटो उघडेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपीजी करून घ्या.
बाकी कागदाचं मला कौतुक नाही. माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरची आकृती नीट पाहू शकत नाही. तो टॅबवर बोटांनी मोठी करून पाहतो. त्याला कुठली वही देऊ, पाटीपेन्सिल?

पाटीपेन्सिल
त्याला टॅब द्या. सक्ती 42 जणांवर कशाला?

खडूफळा
इनकॉग्निटोत पाहिलं. लॉगिन मागतंय! चित्र शाळेच्या ड्राइव्हमधल्या फक्त शिक्षकांसाठीच्या फोल्डरमधून थेट उचललं होतं. मग त्या 12 जणांना दिसलं कसं, हा भुंगा डोक्यात. आज उलगडलं. संगणक कक्षात 12 संगणक आहेत, जूनमध्ये सगळे मीच सुरू करून दिले होते आणि माझं लॉगिन तसंच राहिलं होतं. घटक चाचणीची प्रश्नपत्रिकाही त्याच फोल्डरमध्ये आहे. चाचणी सोमवारी.

तारजोड
ताई, चित्र राहू द्या. आधी पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट व्हा.

पाटीपेन्सिल
आणि प्रश्नपत्रिका नवी काढा. कागदावर.